पहिलं घर, दहिसर, ८२ लाख: कर्जाची सुरुवात कुठून करायची?

रावळपाड्याचा भाडेकरू

नमस्कार मंडळी. मी ३३ वर्षांचा, अंधेरीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बायको बोरिवलीत खाजगी शाळेत शिकवते. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ५ हजार, स्कूटरचा हप्ता ४१०० चालू आहे. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल, त्याआधी स्वतःच्या घरात जायचं असं बायकोने ठरवलंय, म्हणजे ठरलंच.

दहिसर पूर्वेला रीसेलचा वन बीएचके बघितलाय. मालक ८२ लाख म्हणतो. सोन्याला हात न लावता आमच्याकडे १८ लाख जमतात. एजंट म्हणतो, "बँक नव्वद टक्के देते, तुमचे उलट पैसे उरतील. लाखभर टोकन टाका, नाहीतर हातचा जाईल." आमच्या घरात कुणी कर्ज काढून घर घेतलेलं नाही, विचारायचं कुणाला? आधी बँकेत जायचं की आधी फ्लॅट पक्का करायचा?

विरार फास्ट

आधी दोघांचा सिबिल रिपोर्ट (कर्जफेडीचा इतिहास आणि त्यावरचा स्कोअर) काढा. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आमच्या मेव्हण्याचा स्कोअर एका जुन्या क्रेडिट कार्डावर राहिलेल्या किरकोळ रकमेने पाडला होता, आणि त्याला पत्ताच नव्हता. ७५० च्या वर असाल तर व्याजदरात घासाघीस करता येते. आणि टोकन अजिबात देऊ नका.

माजी बँकवाली

बँकेच्या गृहकर्ज विभागात, दादरला, माझी बरीच वर्षं गेली. एजंटचं "नव्वद टक्के" तेव्हाही रोज कानावर पडायचं. नव्वद टक्के मिळतात, पण ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के, त्यापुढे ७५. मुंबईत त्या ३० लाखांच्या कर्जात बसणारा वन बीएचके कुठे आहे ते त्या एजंटला विचारा, आम्हीही येतो बघायला.

आता वही काढा. ८२ चे ८० टक्के म्हणजे ६५ लाख ६० हजार. उरलेले १६ लाख ४० हजार तुमचे. स्टँप ड्युटी ६ टक्के, म्हणजे ४ लाख ९२ हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. हे दोन्ही खर्च बँक किमतीत धरत नाही, ते खिशातूनच जातात. एजंट एक टक्का घेणार, ८२ हजार. झाले साडेबावीस लाखांच्या आसपास. वर वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम (मुंबईत जास्तीत जास्त २५ हजार, "बिल्डिंग फंडाला देणगी" म्हणून कुणी जास्त मागितले तर हसून नियम दाखवायचा). रंगरंगोटी आणि सामान हलवणं अजून धरलेलंच नाही. म्हणजे २३ लाख लागतात आणि तुमच्याकडे १८ आहेत. सुरुवात इथून करा. बँक किती देईल हे सगळेच विचारतात, बँक काय देणार नाही हे कुणी विचारत नाही.

हप्ता बघा. व्याजदर ८.५ टक्के धरला तर ६५ लाख ६० हजारांचा वीस वर्षांचा हप्ता साधारण ५६,९३० येतो. स्कूटर मिळवून ६१ हजार, पगाराच्या ५८ टक्के. बहुतेक बँका चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या पुढे नाक मुरडतात. मग समोरचा म्हणेल, पंचवीस वर्षं करून घ्या. हप्ता ५२,८२० वर येतो, महिन्याला चार हजार वाचतात, आणि एकूण भरणा जवळपास २२ लाखांनी वाढतो. वाईटच असं नाही, कारण फ्लोटिंग (बदलत राहणाऱ्या) दराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरायला दंड नसतो. बोनस आला की मुद्दल कापत राहणार असाल तरच मुदत वाढवा.

स्कूटर आधी फेडून टाका. आणि कर्जासोबत विमा सक्तीचा आहे असं कुणी सांगितलं तर लेखी मागा, लगेच आवाज खाली येतो.

घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत एक टक्का सूट मिळते, इथे ८२ हजार. दोघांच्या नावावर घेतलं तर नाही. तुम्ही कर्जात सहअर्जदार राहू शकता, पण मालक नसाल तर त्या कर्जावरची आयकर सवलत तुम्हाला मिळणार नाही. जुन्या कररचनेत असाल तरच या आयकर सवलतीचा विचार करा.

सेक्रेटरी, आनंदनगर

बिल्डिंग किती सालची? दहिसरमध्ये ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच आहेत. बँक बिल्डिंगचं उरलेलं आयुष्य बघून मुदत कापते, मग वर जो पंचवीस वर्षांचा हिशेब आहे तोच बिनसतो. ओसी (पालिकेचा राहायला परवाना देणारा दाखला) आहे का, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, रीडेव्हलपमेंटचा ठराव झालाय का, हे सोसायटीच्या ऑफिसात जाऊन विचारा. एजंटला विचारू नका.

रावळपाड्याचा भाडेकरू

बिल्डिंग १९८८ ची. ओसीचं एजंट "मिळेल" म्हणतो, म्हणजे नाहीच बहुतेक. आणि आज नवीनच निघालं. मालक म्हणतो ७० लाखांचं अॅग्रीमेंट करू, १२ लाख रोख द्या, तुमची स्टँप ड्युटीही वाचेल. हे चालतं का?

माजी बँकवाली

वाचतात ७२ हजार. आता काय जातं ते बघा. बँक कर्ज अॅग्रीमेंटच्या किमतीवर देते, आणि तिच्या व्हॅल्युअरने कमी किंमत काढली तर त्याहूनही कमी धरते. सत्तरचे ८० टक्के ५६ लाख. म्हणजे अॅग्रीमेंटवरचे १४ लाख आणि रोख १२, एकूण २६ लाख तुमच्या खिशातून, स्टँप ड्युटीच्या आधीच. अठरात हे बसतं का? शिवाय घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. पुढे तुम्ही घर विकाल तेव्हा खरेदी किंमत कागदावर ७० च राहणार, त्या १२ लाखांवरचा करही तुम्हालाच. एक टक्का टीडीएस मात्र विसरू नका: ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराला तो खरेदीदाराने विक्रेत्याच्या पैशातून कापून सरकारात भरायचा असतो. एजंट हे क्वचितच सांगतात.

माझं म्हणाल तर हा फ्लॅट सोडा. आधी दोन-तीन बँकांतून प्री-सँक्शन (घर ठरण्याआधीची कर्जाची तत्त्वतः मंजुरी) घ्या, पगाराच्या स्लिपा, खात्याचे स्टेटमेंट, फॉर्म १६ घेऊन जा. बँकेच्या दराला बाहेरचा बेंचमार्क, बहुतेकदा रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो), असतो. हाउसिंग फायनान्स कंपनी स्वतःचा दर लावते, तेवढं विचारून घ्या. मग त्या आकड्यातून उलट मोजत घर शोधा, तुमच्या १८ लाखांत ते ६५ लाखांच्या आसपास येईल. टोकन द्यायचंच झालं तर पावतीवर लिहून घ्या की कर्ज मंजूर झालं नाही तर पूर्ण रक्कम परत. मालक सही करायला कां-कूं करत असेल, तर चहा पिऊन उठा.

रावळपाड्याचा भाडेकरू

६५ म्हणजे नालासोपारा किंवा विरार. बायको म्हणते, शाळा बोरिवलीत, लोकल विरारहून. शनिवारी बँकेत जातो, आधी आकडा तर कळू दे.

विरार फास्ट

६.४२ ची पकडा, चढायला जागा मिळते.