'पोटखराबा' मधलं पोट कोणतं?

सिन्नरकडच्या वावराचा सातबारा ऑनलाइन काढला, त्यात खाली पोटखराब क्षेत्र, वर्ग अ, ०.१२ असं लिहिलंय. हे पोट कसलं? आणि आमची जमीन खराब कशी काय?

प्रतिसाद :
पोट म्हणजे आतलं, पोटातलं. पोटहिस्सा, पोटनियम, पोटभाडेकरू, सगळीकडे तोच अर्थ. खराब फारसीतून आलेला, त्याचा खराबा म्हणजे न पिकणारी जमीन. एका सर्वे नंबरच्या, म्हणजे मोजून नंबर दिलेल्या जमिनीच्या, पोटात जेवढा न पिकणारा तुकडा तो पोटखराबा. तुमचा ०.१२ हेक्टर म्हणजे १२ आर, गावच्या भाषेत जवळजवळ १२ गुंठे.

आता खराब कोणाच्या दृष्टीने ते बघा. इंग्रजांनी १८३५ पासून इंदापुरातून नवी मोजणी सुरू केली, गोल्डस्मिड आणि विंगेट हे साहेब त्यात मुख्य, प्रत्येक तुकड्याला नंबर दिला आणि नंबरवर सारा, म्हणजे जमिनीचा कर, बांधला, मग जे पिकत नाही त्यावर सारा नाही म्हणून ते वेगळं काढलं. म्हणजे हा शब्द वसुलीच्या सोयीचा आहे, जमिनीचा गुण सांगणारा नाही. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याने सर्वे नंबरांचे गट झाले आणि माणसं गट नंबर बोलायला लागली.

आमच्या निफाडकडे आजीने आयुष्यात गट नंबर उच्चारला नाही. तिच्यासाठी आंब्याचं वावर, खळ्याकडचं वावर, ओहोळाकडचं. त्या ओहोळाकडच्या काठालाच कागदावर पोटखराबा म्हणतात, आणि तिथेच तिच्या शेळ्या चरायच्या, मारवेल गवत कापून ती भारा डोक्यावर घेऊन यायची, उन्हाळ्यात बोरीखाली तेवढीच सावली. तिला कोणी ती जागा खराब म्हटलं असतं तर भांडली असती. मला हे मनापासून वाटतं की वावरांची ही नावं घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवली पाहिजेत, सातबाऱ्यावर त्यांना रकाना नाही आणि पोरांना आता फक्त गट नंबर पाठ आहे.

पुन्हा प्रश्न : मग वर्ग अ काय? आम्ही तो तुकडा सपाट करून त्यात कांदा घेतो.

प्रतिसाद :
अ म्हणजे खडक, खाण, नाला वगैरेमुळे पिकवता न येणारी. ब म्हणजे रस्ता, पाण्याचा प्रवाह अशा सार्वजनिक कामासाठी सोडलेली, तुमच्या उताऱ्यावर अ आहे, म्हणून ब तुम्हाला लागू नाही. अ मात्र लागवडीखाली आणली असेल तर २०१८ च्या नियमबदलाप्रमाणे लागवडीयोग्य क्षेत्रात घेता येते. तलाठ्याकडे अर्ज द्या, जागेवर पाहणी होते, तेव्हा कांदा उभा असेल तर बरं.