बुल रन, २१ जुलै १८६१ : पहिल्या गोळीला नेमके कोण पळाले?

सेंटरव्हिलकर :
अमेरिकी यादवीवरच्या चर्चेत काल ‘प्रश्नचिन्ह’ यांनी लिहिले : “बुल रनची पहिली लढाई म्हणजे वॉशिंग्टनहून फराळाचे डबे घेऊन आलेल्या बघ्यांसमोर हौशी शिपाई पहिल्या गोळीला पळाले, एवढीच गोष्ट आहे, त्यात अभ्यासण्यासारखे काही नाही.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता सविस्तर उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

मी व्हर्जिनियातल्या त्या रणभूमीपासून, म्हणजे मनॅससजवळच्या बुल रन ओढ्यापासून, जवळच राहतो. मागच्या जुलैत मुलीला घेऊन सडली इथल्या ओढ्याच्या उतारापासून मॅथ्यूज टेकडी आणि तिथून हेन्री टेकडी असा पायी गेलो. पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. मॅथ्यूज टेकडीवर पोहोचेपर्यंत एक संपली आणि शर्ट अंगाला चिकटला. उत्तरेचा सेनापती मॅक्डॉवेल याचे शिपाई रात्री दोन-अडीचलाच निघाले होते, आपल्याच पुढच्या डिव्हिजनने अडवलेल्या रस्त्यावर खोळंबत रानवाटेने वळसा घालून साडेनऊच्या सुमारास त्यांनी ओढा ओलांडला, आणि त्यानंतर बंदूक, काडतुसे, घोंगडी अशा ओझ्यासह दुपारी चारपर्यंत ते लढले. दुपारपूर्वीच त्यांनी दक्षिणेच्या इव्हान्स, बी आणि बार्टो यांच्या तुकड्या मॅथ्यूज टेकडीवरून मागे रेटल्या होत्या. दक्षिणेचे ३८७ जण ठार आणि १,५८२ जखमी झाले. पहिल्या गोळीला पळणारी फौज समोरच्यांचे एवढे नुकसान कसे करील?

हार झाली ती दोन ठिकाणी. १८ जुलैला सेंटरव्हिलला पोहोचूनही वळशाची वाट शोधण्यात दोन दिवस गेले, आणि तेवढ्यात दक्षिणेचा सेनापती जॉन्स्टन याने उत्तरेच्या पॅटरसनला चकवून आपल्या फौजेचा मोठा भाग शेननडोआच्या खोऱ्यातून आगगाडीने मनॅससला आणला. दुसरे म्हणजे, मॅथ्यूज टेकडी जिंकल्यावर दुपारी हल्ला थंडावला, आणि तेवढ्या अवकाशात दक्षिणेच्या जॅक्सनने हेन्री टेकडीवर आपली रांग बसवली. हे दोन्ही दोष नेतृत्वाचे आहेत, पायदळ शिपायाचे नाहीत.

प्रश्नचिन्ह :
माझे वाक्य तोडून न घेता उद्धृत केलेत, त्याबद्दल आभार. पण आपण आपल्याला सोयीचे तेवढेच मांडले आहे. ते दोन दिवस गेले कशामुळे? हीच फौज १६ जुलैला निघाल्यावर रस्त्यात रांग सोडून ब्लॅकबेरी तोडत होती आणि विहीर दिसली की पाणी भरायला थांबत होती. त्याहून गंभीर म्हणजे, तीन महिन्यांची भरतीची मुदत संपली म्हणून चौथी पेनसिल्व्हेनिया पलटण आणि न्यूयॉर्कची एक तोफखाना तुकडी लढाईच्या दिवशी सकाळी मागे निघून गेली. पुढे तोफा वाजत असताना ते घराच्या दिशेने चालत होते, हे स्वतः मॅक्डॉवेलने अहवालात लिहिले आहे. याला शौर्य म्हणायचे असेल तर माझी हरकत नाही, पण मग शौर्य या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

सेंटरव्हिलकर :
ती पलटण गेली, हे मला मान्य आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु ७५,००० स्वयंसेवकांना केवळ ९० दिवसांसाठी बोलावण्याचा निर्णय एप्रिलमध्ये वॉशिंग्टनमध्ये झाला, पेनसिल्व्हेनियाच्या शेतात नव्हे. शिपाई कच्चे आहेत असे मॅक्डॉवेल सांगत असताना “तुम्ही कच्चे आहात हे खरे, पण तेही कच्चेच आहेत” असे उत्तर त्याला लिंकनकडून मिळाले, आणि तिकडे न्यूयॉर्कचे वर्तमानपत्र ‘रिचमंडकडे चला’ असा रोज घोष करत होते. मुदत संपण्यापूर्वी लढाई उरकण्याची घाई राज्यकर्त्यांची होती.

कपाशीवाला :
क्षमस्व, पण इतक्या लांबच्या चर्चेत एकानेही कापसाचे नाव काढू नये याचे वाईट वाटते. ही लढाई उत्तरेने जिंकली असती तर युद्ध कदाचित लवकर आटोपले असते. ते चार वर्षे लांबले म्हणून अमेरिकी कापूस अडला आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो भाव कोसळला आणि मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. आमच्या खानदेशातल्या घरात त्या वर्षी गहाण पडलेल्या विहिरीची गोष्ट माझी आजी सांगत असे. मनॅससच्या टेकडीवरचे ते चार तास आमच्या बांधापर्यंत पोहोचले होते.

सेंटरव्हिलकर :
आपला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्यावर स्वतंत्र धागा निघायला हवा. इथे मात्र त्या एका दिवसाबद्दल बोलू.

जुना गोलंदाज :
मी तोफखान्यात नोकरी केलेला माणूस आहे आणि दोघांनीही मुख्य प्रसंगाला हातच लावलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. लढाई फिरली ती तोफांपाशी. उत्तरेच्या कप्तान रिकेट्सच्या सहा आणि कप्तान ग्रिफिनच्या पाच अशा अकरा तोफा दुपारी हेन्री टेकडीवर, जॅक्सनच्या रांगेपासून सुमारे तीनशे यार्डांवर आणून ठेवल्या. नळीत आटे पाडलेल्या तोफांचा लांब पल्ला हा त्यांचा मोठा फायदा होता, आणि एवढ्या जवळ आणून तो हुकमाने घालवला. पुढे ग्रिफिनने दोन तोफा उजवीकडे सरकवल्या, तेव्हा निळ्या पोशाखातली एक पलटण समोर आली. ग्रिफिनने छर्रे भरून तोफा तिच्यावर रोखल्या, पण तोफखान्याचा प्रमुख मेजर बॅरी याने “ती आपलीच मदतीची पलटण आहे” असे सांगून त्याला थांबवले. ती दक्षिणेची ३३वी व्हर्जिनिया होती. तिच्या एका फैरीत तोफची आणि घोडे आडवे झाले.

सेंटरव्हिलकर :
म्हणजे आपण माझाच मुद्दा सिद्ध करत आहात. ग्रिफिन कप्तान होता, त्याला समोरचे शत्रू आहेत हे दिसत होते आणि ते त्याने तोंडावर सांगितलेही. चौकशी समितीपुढे त्याने हीच साक्ष दिली. बॅरीने त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला असता तर ती पलटण तिथेच कापली गेली असती. एका वरिष्ठाच्या हेकटपणामुळे दिवस गेला.

जुना गोलंदाज :
हेकटपणा हा शब्द आपण मागे घ्यावा. घरात बसून, दीडशे वर्षांनंतर, कोणती पलटण कोणाची होती हे ठाऊक असताना तो वापरणे सोपे आहे. एका सरावात माझ्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्याने समोरच्या झुडपांतली हालचाल लक्ष्य म्हणून कळवली आणि गोळा टाकण्याची परवानगी मागितली. त्याला पूर्ण खात्री होती. मी नाही म्हणालो, कारण माझ्या मनात पैशाएवढा संशय होता. ती आपलीच मोजणीची तुकडी होती, नकाशावर चुकून पुढे आलेली. त्यांच्यापैकी एकजण संध्याकाळी चहाचा पेला हातात धरून आमच्या तंबूशी उभा होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हते. बॅरी चुकला, त्याची किंमत फार मोठी होती, हे मी शंभरदा म्हणेन. पण आपल्याच माणसांवर तोफ डागायची नाही म्हणून थांबलेल्या माणसाला हेकट म्हणू नये.

प्रश्नचिन्ह :
आपला अनुभव हृदयाला भिडतो, परंतु अनुभव हा पुरावा नव्हे. आपल्यासमोर झुडपे होती, बॅरीसमोर उघड्या माळावर चाल करून येणारी अख्खी पलटण होती.

जुना गोलंदाज :
उघडा माळ होता आणि धूरही होता, साहेब. धुरात रंगाशिवाय काही दिसत नाही, आणि त्या दिवशी रंगच खोटे होते. दोन्हीकडच्या पलटणी आपापल्या गावाहून शिवून आणलेल्या कपड्यांत आल्या होत्या. दक्षिणेचे निशाणही वारा पडला की उत्तरेच्या निशाणासारखे दिसे, म्हणून तर नंतर त्यांना रणांगणासाठी वेगळे निशाण करावे लागले.

रात्रपाळी :
आपण सगळे तोफांबद्दल बोलत आहात, म्हणून लिहिते. ज्या टेकडीचे नाव आपण घेता, ते ज्युडिथ हेन्री या वृद्ध विधवेच्या कुटुंबाचे आहे. ऐंशी उलटलेली ती बाई अंथरुणाला खिळली होती. घरातून नेमबाज गोळ्या झाडत आहेत असे वाटून रिकेट्सने घरावर तोफा वळवल्या आणि ती आपल्या खोलीतच मरण पावली. मी रुग्णालयात रात्रपाळी करते. उठता न येणारे माणूस आवाज आला की आधी दाराकडे बघते, हे मी रोज पाहते. अकरा तोफांचा हिशेब करताना हे एक अंथरूण त्यात धरावे, एवढेच म्हणणे आहे.

सेंटरव्हिलकर :
आपले म्हणणे योग्य आहे. तिची कबर त्या घराशेजारीच आहे. तिथे मुलीने मला नेमके हेच विचारले होते आणि मी तोफांबद्दल सांगत राहिलो होतो.

गोलंदाजसाहेब, ‘हेकटपणा’ मागे घेतो. त्याच दुपारी त्याच टेकडीवर करड्या पोशाखातल्या उत्तरेच्या दुसऱ्या विस्कॉन्सिन पलटणीवर आपल्याच बाजूने गोळ्या आल्या, तेव्हा बॅरीची भीती निराधार नव्हती हे मला मान्य करावे लागते. ग्रिफिनचे म्हणणे ऐकायला हवे होते, या मतावर मात्र मी ठाम आहे. शिवाय ३३व्या व्हर्जिनियाचा प्रमुख कमिंग्ज याला जॅक्सनचा हुकूम होता की शत्रू अगदी जवळ येईपर्यंत थांबा. आपले नवशिके शिपाई तोफांखाली टिकणार नाहीत या धास्तीने कमिंग्जने हुकूम मोडून आधीच चाल केली. म्हणजे कच्चेपणा दोन्हीकडे होता, आणि एका बाजूला तो फळला.

राहिला सहलीचा प्रश्न. बघे आले होते, पण बहुतेक सेंटरव्हिलच्या उंचवट्यावर, कित्येक मैल मागे. तिथून धुराखेरीज काही दिसत नव्हते. लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार रसेल, जो तीन वर्षांपूर्वी लखनौच्या स्वारीची बातमीपत्रे लिहीत होता, तोही प्रत्यक्ष रणांगणापर्यंत पोहोचला नाही. त्याला वाटेत भेटली ती माघार, तिचेच वर्णन त्याने केले आणि जगाने त्यालाच लढाई मानले.

प्रश्नचिन्ह :
‘पहिल्या गोळीला’ हे दोन शब्द मी मागे घेतो. ठार-जखमींचे आकडे पाहता ते टिकत नाहीत. पण चारनंतर दक्षिणेच्या एल्झी आणि अर्ली यांच्या ब्रिगेड उत्तरेच्या उजव्या बगलेवर आल्या, त्यानंतर कब रन ओढ्याच्या पुलावर एक गाडी उलटून रस्ता बंद होताच बंदुका टाकून, तोफांचे घोडे सोडवून त्यांवर बसून जे वॉशिंग्टनपर्यंत गेले, ते पळणेच होते. आणि पुढे आलेला एक काँग्रेस सदस्य कैद झाला, तोही बघायलाच आला होता.

सेंटरव्हिलकर :
ते पळणेच होते. साडेचारनंतरचे.