पोथीत सापडलेलं अपघाताचं कार्ड. मोडी वाचणारं कुणी आहे का?

दांडियाबाजारकर:
बडोद्याचं आमचं जुनं घर पाडायला काढलंय. माळा आवरताना खापरपणजीच्या पोथीच्या बासनात एक विलायती चित्रकार्ड निघालं. देवाच्या पोथीत उलथलेलं इंजिन! डब्यांचा चुराडा, कडेला टोप्या घातलेले बघे. खाली इंग्रजीत सॅलिसबरी, १ जुलै १९०६. मागे पत्ता पणजोबांचा, डभोई. ते गायकवाड सरकारच्या रेल्वेत होते. त्यांचे धाकटे भाऊ तेव्हा लंडनला शिकत होते एवढं ऐकून आहे. पत्त्याशेजारी मोडीत अडीच ओळी. बाबांना मोडी येत नाही, मला तर नाहीच. स्कॅन जोडतोय. अपघात कुठला, आणि असली कार्डं माणसं पाठवायची तरी कशाला?

लोको_निवृत्त:
प्लिमथहून लंडनला निघालेली बोटीच्या उतारूंची गाडी. ‘न्यूयॉर्क’ आगबोटीतून उतरलेली श्रीमंत अमेरिकन मंडळी आत. रात्री दोनच्या सुमारास सॅलिसबरी स्टेशनच्या लंडनकडच्या टोकाला, ३० मैलांची मर्यादा असलेल्या वळणावर ही ७० च्या आसपास आली. इंजिन कलंडलं ते शेजारच्या रुळावरच्या दुधाच्या गाडीवर. २८ जण गेले. ड्रायव्हरही गेला, मग एवढा वेग का ठेवला हे सांगणार कोण? एल-१२ वर्गाचं इंजिन, बॉयलर उंचावर; वळणावर तोल जायला तेवढं पुरतं. पुढे तिथे सगळ्या गाड्यांना थांबा दिला.

पणजोबांच्या डभोई लाइनीला १८६२ मध्ये बैल गाडी ओढत होते. ७० चं नावच नको!

कार्डवेडा:
कशाला म्हणजे? अपघात झाला की गावचा फोटोग्राफर तिपाई घेऊन धावायचा आणि कार्डं लगेच दुकानात. बार्न्सलीचे वॉर्नर गोथार्ड तर एकाच कार्डावर चार-पाच फोटो जुळवून विकायचे. विलायतेत १९०२ पासून पत्त्याच्या बाजूलाच मजकूर लिहायची मुभा होती, म्हणून तुमचं चित्र कोरं राहिलंय. लॅमिनेशन मात्र करू नका, हात जोडतो.

मोडीप्रेमी:
एक शब्द शिक्क्याखाली गेलाय. बाकी असं:
“ती. दादांस सा. न. वि. वि. ह्या गाडीत मी नव्हतो. प्रकृती उत्तम. आईस चित्र दाखवू नये.”

दांडियाबाजारकर:
आईस म्हणजे खापरपणजीच की! पोथी तिचीच. रोज सकाळी सोडायची म्हणे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.