किशोरांसाठीच्या कादंबरीत बालविवाहाचा शेवट कसा करावा?

कोरी पाटी
बारा ते पंधरा वर्षांच्या वाचकांसाठी कादंबरी लिहीत आहे. नायिका १४ वर्षांची, आठवीतली, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातली. दिवाळीनंतर आईवडील कारखान्याकडे जाणार, आजी थकलेली, आणि मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे या काळजीतून तिचे लग्न ठरते. संपादकांचे म्हणणे असे, की शेवटी शाळेतल्या बाईंनी पोलिसांना आणून लग्न मोडावे, म्हणजे मुलांना धीर येईल. मला हे खोटे वाटते. पण नायिकेला उसाच्या फडात उभे करून वाचणाऱ्या मुलीला वाऱ्यावर सोडणेही पटत नाही. शिवाय लग्नानंतरचे किती सांगावे, हा प्रश्न आहेच.

बालाघाट
शेवटाआधी सुरुवात तपासावी, असे सुचवतो. आईबाप ऊसतोडीला गेले की मुले मागे राहतात, त्या हंगामी वसतिगृहांच्या कामामुळे या मुलांमध्ये माझा वावर असतो. अशा कथांत बाप बहुधा दारुडा किंवा निर्दयी दाखवला जातो, आणि मग लग्नामागचे खरे गणित झाकले जाते. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या मुलाला मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, अर्धाच कोयता धरतो. त्यामुळे घाई मुलाकडच्यांनाही असते. इकडे मुलीला कोपीवर, म्हणजे तोडीच्या जागेवरच्या झोपडीत, न्यावे तर आईबाप पहाटेपासून फडात, आणि ती दिवसभर धाकट्या भावंडांसह उघड्यावरच्या वस्तीत एकटी. मुलीवर जीव असलेला बाप याच भीतीपोटी होकार देतो, असे लिहिलेत तर वाचकाला राग कोणावर काढावा हे चटकन कळणार नाही, आणि ते कळू नये हेच बरे.

एक प्रसंग मात्र जरूर घ्या. मुकादम ओसरीवर वही उघडून बसला आहे, गेल्या हंगामाची फिटलेली नसलेली उचल आणि खाडे वाचून दाखवतो आहे, मुलगी चहा आणून ठेवते, आणि तो सहज विचारतो, ‘‘पोरगी कितवीला आहे?’’ लग्नाचा शब्दही तिथे निघायला नको.

तळटीप
पोलीस आल्यामुळे लग्ने थांबतात, हे प्रत्यक्षात घडते. म्हणून तो शेवट मुळातच खोटा म्हणता येणार नाही. खोटे आहे ते त्यानंतर सारे सुरळीत झाल्याचे भासवणे. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. त्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात घरपट्टी मागत फिरायचे असते, आणि एका गावात थांबवलेले लग्न दुसऱ्या गावी गुपचूप लागू शकते. (हा ग्रामसेवक आपल्या बालसाहित्यात मला अजून भेटलेला नाही.) २००६च्या कायद्यानुसार असे लग्न सर्वसाधारणपणे आपोआप रद्द होत नाही, मुलीला सज्ञान झाल्यानंतर दोन वर्षांच्या आत न्यायालयाकडून ते रद्द करून घेता येते, आणि त्याआधीही पालक किंवा जवळच्या व्यक्तीमार्फत या अधिकाऱ्यासह अर्ज करता येतो. म्हणजे लग्न झाले तरी तुमच्या नायिकेची गोष्ट तिथे संपत नाही. तिला हे कोणाकडून, केव्हा आणि किती अर्धवट कळते, यात तुमचे शेवटचे प्रकरण सापडेल, असे वाटते.

वाचनकट्टा
शाळेचे ग्रंथालय सांभाळते, म्हणून फक्त तिसऱ्या प्रश्नाविषयी, लग्नानंतरचे किती सांगावे याविषयी. पहिल्या रात्रीचे वर्णन नको. ते मुलांना झेपणार नाही म्हणून नव्हे. अशा वर्णनात वाचकाची नजर मुलीवर रोखली जाते, आणि कादंबरी तर तिच्या नजरेने चाललेली असते. परिणाम मात्र स्पष्ट लिहा. अल्पवयीन पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कारच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला, आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यामुळे डॉक्टरांना असे प्रकरण पोलिसांना कळवावे लागते. त्यामुळे पोटात दुखत असतानाही सासू तिला सरकारी दवाखान्यात नेत नाही, कारण तिथे आधार कार्ड मागून वय विचारतील. एवढे एक पान लिहिलेत, तर तेरा वर्षांच्या वाचकाला सगळे समजेल. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक पुस्तकात अवश्य असावा, पण शेवटच्या पानावर, प्रकाशकाच्या नावाने; पात्राच्या तोंडी घातलात तर संवादाचे भित्तिपत्रक होईल.

एक सावधगिरी. हे पुस्तक वाचणाऱ्या वर्गात एखादीचे लग्न ठरलेले असू शकते. नायिकेने घरून पळ काढला, असा मार्ग कृपया सुचवू नका.

कोरी पाटी
पळून जाण्याचा प्रसंग माझ्या आराखड्यात होता, तो काढते. संपादकांना पोलीस हवे आहेत, तर ते सातव्या प्रकरणातच येतील, आणि पुढची पाच प्रकरणे त्यानंतरची असतील. ग्रामसेवकाचे पात्र नव्याने उभे करावे लागेल. लग्न थांबवल्याच्या रात्री त्याच्या दारात कोण कोण येऊन जाते, तिथून सुरुवात करते.