प्रति: तिकीट वसूल होतं का?
अम्युझमेंट पार्कात ‘दिवसभरात पंधरा राइड केल्या की तिकीट वसूल’ हा तुमचा हिशेब काही पटला नाही. मे महिन्यात आम्ही सहाजण एका पार्कात गेलो होतो (नाव राहू दे). आईबाबा एकाही राइडमध्ये बसले नाहीत, धाकटी उंचीच्या पट्टीला चार बोटं कमी पडली. म्हणजे तिघांनी पूर्ण पैसे मोजले ते सावलीत बसायचे! उरलेल्या तिघांच्या जेमतेम पाच राइड झाल्या, बाकी वेळ रांगेत. वर पाण्याची बाटलीसुद्धा आतलीच घ्यायची.

खरं दुखणं एकरकमी तिकिटाचं आहे, प्रवेश आणि सगळ्या राइडचे पैसे एकातच. कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड १९५५ साली सुरू झालं, तेव्हापासून कितीतरी वर्षं तिथे प्रवेशाचे पैसे वेगळे आणि राइडची कुपनं वेगळी असत. कुपनांची ती पद्धत १९८२ मध्ये बंद झाली. आपल्या जत्रेतल्या पाळण्यासारखंच की, बसेल तो भरेल. आजीआजोबांना नुसतं प्रवेशाचं स्वस्त तिकीट द्यायला काय हरकत आहे?

चुलतभाऊ मात्र जुलैतल्या एका मंगळवारी गेला, भर पावसात. एकाच रोलर कोस्टरमध्ये चारदा बसून आला. त्याचे झाले वसूल!