पाचशे पोरांचा आनंद आणि एक काका: हिशोब नेमका कुठं चुकतोय?

पेठेतला_अभ्यासू
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, सध्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चाललाय. मेन्सला एथिक्सचा पेपर असतो, त्यात उपयुक्ततावाद येतो, तो मांडणारे बेंथम आणि मिल हे इंग्रज विचारवंत सगळे वाचून झालेत, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, लिहायला सोपं वाटायचं. पण परवा तालमीत, म्हणजे आमच्या मंडळात, मिटिंग झाली आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जाईना झालीय.

विषय होता मिरवणुकीच्या डॉल्बीचा. मंडपासमोरच्याच घरात एक काका आहेत, दोन वर्षांपूर्वी लकवा मारला तेव्हापासून अंथरुणावर. गेल्या वर्षी साऊंडची गाडी बरोबर त्यांच्या खिडकीसमोर दोन-अडीच तास उभी होती. नंतर काकूंनी आईला सांगितलं की ते एका चालत्या हातानं कान झाकून पडून होते, दुसरा कान तसाच उघडा, आणि काकू मधनंमधनं जाऊन तो कान धरत होत्या. मी त्या रात्री गाडीपुढं नाचत होतो.

यंदा मीच मिटिंगमध्ये विषय काढला. एकजण म्हणाला, पाचशे पोरं वर्षभर वाट बघत्यात, एका माणसासाठी बंद करायचं व्हय? आणि मला उत्तर देता आलं नाही, कारण मी पेपरात जे लिहितो तेच तो बोलत होता. माझा प्रश्न असा की त्याचा हिशोब चुकलाय का असा हिशोब करणंच चूक आहे?

शाहूपुरीकर
भावा, आधी बेंथमला न्याय दे. त्यानं डोकी मोजा असं सांगितलेलं नाही. १७८९ साली त्याचं पुस्तक आलं त्यात सुखदुःख मोजायच्या सात बाजू दिल्यात: किती तीव्र, किती वेळ, किती खात्रीचं, किती जवळचं, त्यातनं पुढं आणखी सुख निघणार का, त्यात दुःख मिसळलंय का, आणि सगळ्यात शेवटी किती जणांपर्यंत पोचतंय. तुझ्या मिटिंगमधल्या माणसानं सातातली एकच धरली. पाचशे पोरांना त्या खिडकीसमोरच्या अडीच तासात जे जास्तीचं मिळालं ते गाडी पुढच्या चौकात उभी केली असती तर गेलं असतं का? नसतं गेलं. म्हणजे पोरांचं नुकसान जवळजवळ शून्य आणि काकांचं केवढं तरी. खरा उपयुक्ततावादी जेवढे मार्ग आहेत तेवढे सगळे मांडून बघतो, चालू का बंद एवढ्या दोनावर थांबत नाही.

आणि एक, आज आपल्याला हे कोरडं वाटतं पण त्या काळात राजाचं सुख एक आणि हमालाचं सुख पण एकच धरायचं हे म्हणणं केवढं धाडसाचं होतं. मिलनं पुढं १८६९ मध्ये बायकांच्या हक्कांवर लिहिलं ते ह्याच मुशीतनं आलंय. त्यामुळं लगेच मोडीत काढू नको.

कट्ट्यावरचा
रात्री दहानंतर स्पीकर बंद असा नियमच आहे की, सरकारनं सवलत दिलेले दिवस सोडून. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे, २००० सालापासून. तत्त्वज्ञान कशाला पायजे, नियम पाळा.

पेठेतला_अभ्यासू
@कट्ट्यावरचा नियम माहीत आहे ओ. पण नियम असाच का केला हे मिटिंगमध्ये सांगता यायला पाहिजे ना, नुसतं पोलीस येतील म्हटलं की पोरं आणखी चिडतात.

रंकाळा_वॉकर
शाहूपुरीकरांचं पटलं, पण अर्धंच. त्यांनी हिशोब दुरुस्त करून काकांना वाचवलं. समजा गाडी दुसरीकडं नेताच येत नाही. आणि समजा पाचशे नाहीत, पन्नास हजार पोरं आहेत, लाख आहेत. आकडा वाढवत गेलं की कुठंतरी बेरीज काकांच्या वर जाणारच, आणि मग हीच थिअरी म्हणणार चालू द्या. मला तिथं अडतं.

स्कॅनलन म्हणून अमेरिकन तत्त्वज्ञ आहे, त्याच्या १९९८ च्या पुस्तकात एक उदाहरण आहे, फुटबॉलवाल्या आपल्या गावाला तर लगेच कळेल. वर्ल्ड कपची मॅच चाललीय, टीव्ही स्टेशनच्या ट्रान्समीटर रूममध्ये एका माणसाच्या हातावर मशीन पडलंय, त्याला करंटचे झटके बसताहेत. त्याला सोडवायचं तर पंधरा मिनिटं प्रक्षेपण बंद करावं लागणार, आणि मॅच संपायला अजून तासभर आहे. किती लोक बघत असले म्हणजे त्याला तसंच ठेवायचं? शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीत बसणाऱ्या कुणालाही विचारा, प्रक्षेपण बंद करा म्हणेल. बघणारे कोटी असले तरी ह्या प्रश्नाला आकड्यानं उत्तर मिळत नाही, कारण त्यातल्या एकेकाचं नुकसान पंधरा मिनिटांच्या मॅचएवढंच आहे. ते कोटी तुकडे गोळा होऊन कुणा एकाच्या अंगात बसत नाहीत. झटके मात्र एकाच अंगात बसताहेत.

रॉल्स ह्या दुसऱ्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७१ मध्ये हेच वेगळ्या बाजूनं सांगितलं. मी आज दाढ काढून घेतो म्हणजे पुढं मला सुखानं जेवता येईल, हे ठीक, दुखणं माझं आणि जेवण पण माझंच. पण समाज म्हणजे एकच मोठा माणूस असल्यासारखं धरून ह्याचं दुखणं त्याच्या जेवणात वळतं करता येत नाही. उपयुक्ततावाद माणसामाणसातला वेगळेपणाच मनावर घेत नाही अशी त्याची तक्रार आहे. म्हणून मिटिंगमध्ये असं विचार: काकांच्या जागी तू असतास तर हे तुला मान्य झालं असतं असं कुठलं कारण तू काकांना तोंडावर सांगू शकतोस? पाचशे नाचत होते हे कारण खिडकीतनं आत सांगून बघ म्हणावं.

बोटीवरचा
मी शिकलेला कमी आहे पण बोलतो. २०१९ च्या महापुरात चिखली आंबेवाडीकडं बोटीवर होतो. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, तेव्हा ५५ च्या वर गेलं होतं. बोटीत जागा आठ. एका गच्चीवर सहा माणसं त्यात दोन बारकी पोरं, दुसऱ्या टोकाला एका गच्चीवर एकटी म्हातारी, मधनं पाण्याला लई ओढ. आम्ही सहाजणांकडं गेलो. मोजलंच की. तिथं मोजलं नसतं तर आणि काय केलं असतं, ओळखीचं बघितलं असतं, जातीचं बघितलं असतं? मोजण्यामुळं निदान सगळी सारखी झाली. म्हणून हिशोबच वाईट असं कुणी म्हणलं की मला राग येतो.

म्हातारीला दुसऱ्या फेरीत आणली, ती वाचली. पण ती येईना आधी, म्हस दावणीला हाय म्हणायची, तिला सोडून कशी येऊ. बऱ्याच घरात तेच होतं. म्हशी राहिल्या. हिशोब बरोबर होता हे मला आजही माहीत आहे, आणि आजही पावसाळा आला की ती गच्चीवर एकटी उभी दिसती.

शाहूपुरीकर
@बोटीवरचा दादा, तुम्ही म्हशीचं बोललात म्हणून सांगतो. बेंथमनं जनावरांबद्दल लिहिलंय की त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का हा प्रश्नच नाही, त्यांना दुःख होतं का हा प्रश्न आहे. त्या म्हातारीला हे कुणी शिकवायला लागलं नव्हतं.

रंकाळा_वॉकर
@बोटीवरचा तुमची पोस्ट दोनदा वाचली. बर्नार्ड विल्यम्स ह्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९७३ मध्ये ह्याच्याजवळ जाणारं लिहिलंय. जिम नावाचा परका माणूस एका गावात येतो, वीसजणांना बांधून ठेवलंय, कॅप्टन म्हणतो तू एकाला गोळी घाल, बाकीचे सोडतो, नाहीतर सगळे मरतील. विल्यम्स असं म्हणत नाही की जिमनं मारूच नये. तो म्हणतो की उपयुक्ततावादाला हा प्रश्न फारच सोपा वाटतो, १९ विरुद्ध १, संपलं. जिमच्या हातनं काय होणार, तो त्यानंतर कोण म्हणून जगणार हे त्या बेरजेत कुठं बसतच नाही. तुम्हाला म्हातारी दिसते, ते तुमचं काही चुकलं म्हणून नाही दिसत.

आजोळ_पाण्याखाली
माझ्या आईचं गाव एका धरणात गेलं. मी शाळेत शिकवते, मुलांना सांगते की शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचं काम काढलं म्हणून हा जिल्हा हिरवा आहे, आणि ते खरंच आहे, आमच्या घरात पण उसाचंच पैसे येतात. पण आजी मरेपर्यंत तिकडचं नाव काढलं की गप्प व्हायची. बदली जमीन मिळाली ती खडकाळ, तीही किती वर्षांनी. किती लाख लोकांना पाणी मिळालं हे तिला कितीतरी जणांनी सांगितलं, पण तुझं काय झालं हे विचारायला कुणी आलं नाही.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, १९१५ ला छापलं, त्यात ह्या बेंथम-मिलवाल्या मताचा चांगला समाचार घेतलाय. जास्तीजास्त लोकांचं सुखच बघायचं तर कौरवांच्या अकरा अक्षौहिणी आणि पांडवांच्या सातच, मग न्याय कौरवांच्या बाजूला होता का, असं विचारलंय. मी कॉलेजात असताना वाचलं तेव्हा मला आजीच आठवली.

मला धरण नको होतं असं नाही. पाण्याचा हिशोब करावाच लागतो. पण बेरीज जास्त आली म्हणजे ज्याचं गेलं त्याचं देणं फिटत नाही, ते वहीत वेगळं मांडून ठेवायला पाहिजे आणि आधी फेडायला पाहिजे. अभ्यासू, तू पेपरात काय लिहायचं ते लिही, पण आधी काकूंना जाऊन भेट. तुमच्या त्या मिटिंगमध्ये त्या घरातलं कोण होतं?

पेठेतला_अभ्यासू
ताई, कोणच नव्हतं. काल संध्याकाळी जाऊन आलो.

काकू म्हणाल्या आमच्यासाठी बंद नका करू रे, पोरांचा सण आहे, फक्त गाडी किती वाजता येणार ते आधी सांगा, म्हणजे ह्यांना लेकीकडं उचगावला नेऊन ठेवते. मी विचारलं नेणार कसं, तर म्हणाल्या चौघं लागतात, जिना अरुंद आहे, खुर्चीत बसवून उचलायचं. म्हणजे ज्यांनी गेल्या वर्षी सोसलं तीच माणसं यंदा पण त्रास घ्यायला तयार, आणि आम्ही पाचशे जण तिथं उभे राहून ते घेणार. काका सगळं ऐकत होते, बोलता येत नाही नीट, पण मी उठताना त्यांनी चालता हात वर केला.

आता ठरवलंय. काकांच्या बिल्डिंगच्या अलीकडच्या कोपऱ्यापासून पलीकडच्या विजेच्या डीपीपर्यंत साऊंड पूर्ण बंद, गाडी न थांबवता पुढं न्यायची, चौकात गेल्यावर परत चालू. हळू ढकलली तरी पाच मिनिटांचं काम आहे. बोटीवरच्या दादांचं आणि ताईंचं लिहिलेलं मिटिंगमध्ये वाचून दाखवलं तर चालेल का, नाव न घेता? मिटिंग ऐतवारी रात्री आहे. गाडीपुढं मी स्वतः चालणार म्हणून सांगणार आहे. काय होतंय ते इथंच लिहितो.

बोटीवरचा
वाच की. आणि त्या दिवशी माणसं कमी पडली तर सांग, आम्ही चौघं येतो.