मदत हवी आहे: लेकीला दहावीत कन्स्ट्रक्शन घ्यायचंय, पिरियड एकच रिकामा आहे

नमस्कार मंडळी, आधीच सांगते लांबलचक होणारे, कारण शुक्रवारी फॉर्म द्यायचाय आणि घरी रोज जेवताना याच विषयावरून जुंपतेय.

आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात, लेक नववीत, पब्लिक हायस्कूल. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म आलाय. दिवसाला ७ पिरियड. इंग्लिश, केमिस्ट्री, अल्जिब्रा टू, वर्ल्ड हिस्टरी, पीई (शारीरिक शिक्षण) आणि स्पॅनिश थ्री (वन आणि टू झालंय, वन मिडल स्कूललाच उरकलं होतं) एवढं टाकलं की ६ भरले, उरला १. आणि त्या एका जागेवर बाईसाहेबांना तीन विषय हवेत. आर्किटेक्चरल डिझाइन म्हणजे कॅड (कंप्युटरवर नकाशे काढणं), कन्स्ट्रक्शन, आणि व्हिडिओ प्रॉडक्शन. पुढे आर्किटेक्ट व्हायचंय असं सध्या तरी म्हणतेय. तीनपैकी एकही एपी (कॉलेजच्या पातळीचा) नाही, ऑनर्स (वरच्या पातळीचा) नाही.

नवऱ्याचं म्हणणं त्या जागी सरळ एपी कंप्युटर सायन्स घे, जीपीएला (ग्रेडच्या सरासरीला) वजन मिळतं, सुतारकाम शिकायला सातासमुद्रापार आलो का आपण. आता गंमत अशी की हा माणूस स्वतः शाळेत टेक्निकलला होता! हॅक्सॉने पट्टी कापायची, फाइल घासघास घासून काटकोन आणायचा आणि सर ट्रायस्क्वेअर लावून उजेडाला धरायचे, फट दिसली की परत घास, हे किस्से मी लग्नापासून ऐकतेय. पण लेकीने तेच करायचं म्हटलं की वेळ वाया.

या वर्षी तिने एक सेमिस्टर वुडशॉप केलं. त्यात गणपतीसाठी चौरंग केलाय. एक पाय किंचित आखूड झालाय, खाली पुठ्ठ्याची घडी ठेवावी लागते, पण यंदा गणपती त्याच्यावरच बसणार असं जाहीर झालंय. घरी येऊन काय काय सांगत असते, की टू बाय फोर म्हणतात ती फळी मुळात दीड बाय साडेतीन इंचच असते, की भिंतीतले खांब १६ इंचांवर असतात म्हणून टेपवर दर १६ इंचांना खूण असते. आम्ही दोघं १४ वर्षं या लाकडी घरात राहतोय आणि फोटो टांगायला अंदाजे खिळे ठोकतोय.

काउन्सेलरला मेल केली तर 'तिला आवडेल ते घेऊ द्या' एवढंच उत्तर. ते ठीकच आहे हो, पण यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) हे विषय चालतात का, मार्क धरतात का, की नुसतं वर्ष जातं? आणि खरं सांगायचं तर मला त्या मोठ्या करवतीची भीती वाटते. कोणाच्या मुलांनी घेतलेत का हे विषय?

---

कैरीपन्हं:
मुलगा आत्ताच यातून गेलाय म्हणून लिहिते. यूसीची ए-जी कोर्स लिस्ट (प्रवेशासाठी धरले जाणारे विषय, ए ते जी अशा गटांत) ऑनलाइन आहे, त्यात तुमच्या शाळेचं नाव टाकून बघा. नावावर जाऊ नका, त्याच नावाचा विषय एका शाळेत एफ मध्ये, दुसऱ्या शाळेत जी (ऐच्छिक विषय) मध्ये आणि तिसऱ्या शाळेत लिस्टवरच नाही असं होतं. लिस्टवर नसेल तर यूसीच्या जीपीएत मोजलाच जात नाही, ना फायदा ना तोटा.
दुसरं म्हणजे एफ, व्हिज्युअल आणि परफॉर्मिंग आर्ट्सचं एक पूर्ण वर्ष तिला करायचंच आहे. व्हिडिओ किंवा कॅड एफ मध्ये असेल तर तो 'जादा' विषय नाहीच, लागणाराच आहे. हे अहोंना सांगा.
आणि एपीचा जादा पॉइंट यूसी फक्त ८ सेमिस्टरपर्यंत धरते, दहावीतल्या त्यातल्या ४ च. त्यामुळे आत्ताच सगळं एपीने भरायची गरज नाही. (त्यांच्या जीपीएत नववीचे ग्रेड नसतात बरं का, ते मला फार उशिरा कळलं आणि नववीत उगाच पोराच्या मागे लागले होते.)

---

मुंगेरीलाल:
सॅक्रामेंटोजवळ स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगमध्ये आहे. आमच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना रेव्हिट (इमारतींच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर) फर्डं येतं पण हेडर कशाला लागतो विचारलं की गप्प. खिडकीसाठी मधले खांब कापले की वरचा भार बाजूला न्यायला आडवी तुळई लागते, हे हातोडी घेऊन एकदा केलं की पोरगी जन्मात विसरणार नाही. कॅड घरी पण शिकता येईल, रेव्हिट बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना फुकट देते. फक्त रेव्हिटला विंडोज लागतं, शाळेच्या क्रोमबुकवर किंवा नुसत्या मॅकवर चालत नाही. भिंत उभी करायला मात्र शाळेशिवाय जागा कुठे मिळणार? माझं मत कन्स्ट्रक्शन.
बाकी पाच वर्षांचं बी आर्क (आर्किटेक्चरची डिग्री) बघत असाल तर कॅल पॉलीची सॅन लुईस ओबिस्पो आणि पोमोना दोन्ही बघून ठेवा. बर्कलीची डिग्री चार वर्षांची बीए असते, पुढे मास्टर्स धरून चालायचं.

---

साधी_भाजी:
ताई, करवतीचं. शॉप टीचरना विचारा सॉस्टॉप (आपोआप थांबणारी करवत) आहे का. बोट लागलं की पात्याला कळतं आणि साधारण ५ मिलिसेकंदात ते थांबतं, अॅल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो. पातं आणि तो ठोकळा दोन्ही फेकायचे, पण बोट राहतं. माझ्या मुलीला सेफ्टी टेस्टमध्ये पूर्ण मार्क पडेपर्यंत मशिनला हात लावू दिला नव्हता. केस बांधायचे, हूडीच्या दोऱ्या आत.
चौरंगाचा फोटो टाका ना! आणि तिला म्हणावं अर्धवट असतानाचे फोटो पण काढून ठेव, जिथे पोर्टफोलिओ मागतात तिथे तेच कामाला येतात.

---

(मूळ धागाकर्ती)
खूप आभार सगळ्यांचे! कैरीपन्हं, लिस्ट बघितली. आमच्याकडे व्हिडिओ एफ मध्ये, कॅड जी मध्ये, आणि कन्स्ट्रक्शन लिस्टवरच नाही. यावर घरात अपेक्षेप्रमाणे 'बघ, मी म्हणत होतो' झालं. मग तिने मुंगेरीलाल यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, हेडरसकट. नवरा काही बोलला नाही, थोड्या वेळाने मात्र खिडकीच्या वरच्या भिंतीवर टकटक करून बघत होता.

तर आता असं ठरतंय की पीई समरला उरकायची म्हणजे २ जागा होतात, त्यात कन्स्ट्रक्शन आणि कॅड, व्हिडिओ अकरावीत. यूसीला भाषेची २ वर्षं पुरतात पण ३ असलेली बरी म्हणतात म्हणून स्पॅनिश सोडत नाही. एपी कंप्युटर सायन्सचंही अकरावीत बघू असं म्हणून तह झालाय.

शेवटचा प्रश्न, समर पीई कोणी केलंय का? रोज माइल पळायला लावतात का? बाईसाहेब आता तेवढ्यावर अडून बसल्यात.